गाणं कुणाचं, नाव कुणाचं?

(गेवराई तालुक्यातील महिला बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवरून दिलेलं भाषण)



कुणी कापूस वेचून आत्ताच घरी टेकल्या असतील, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असतील, कुणी गटाच्या बैठकीत मोबाइल मधोमध ठेवून बसल्या असतील. आज आपण कर्जाचा हप्ता, व्याज, खतं-बियाणं यातलं काहीच बोलणार नाही. आज बोलायचं आहे टीव्हीवर दिसणाऱ्या गाण्यांच्या पुरस्कार सोहळ्यांबद्दल.

तुम्ही म्हणाल, त्यात काय बोलायचं? झगमगाट असतो, लाल गालिचा असतो, नट्या येतात, नाच होतात, कुणीतरी रडत रडत आईचे आभार मानतं. आपण बघतो आणि झोपी जातो. पण मैत्रिणींनो, या झगमगाटाच्या आत एक फार मोठा प्रश्न लपलेला असतो. काम कुणी केलं आणि नाव कुणाचं झालं? हा प्रश्न मुंबईच्या गायिकेला पडला होता, न्यूयॉर्कच्या मंचावर पडला होता आणि आपल्या गावात आठ मार्चच्या कार्यक्रमातही पडतो. म्हणून हा विषय.

सोहळा चालतो कसा?

आपल्याकडे सप्त्यात किंवा गणपतीत भजन स्पर्धा होते. त्यात उत्कृष्ट गायकाला एक बक्षीस, पखवाजवाल्याला एक, पेटीवाल्याला एक. मागे बसून टाळ धरणाऱ्यांसाठी वेगळं बक्षीस ठेवलं असेल तर त्यांनाही मिळतं. ठेवलंच नसेल तर ते कितीही चांगलं म्हणोत, त्यांचं नाव पुकारलं जाणार नाही. यालाच म्हणतात पुरस्काराचा विभाग. सगळी गंमत या विभागांत आहे.

मोठ्या सोहळ्यातही तसंच असतं. आधी विभाग ठरतात. मग प्रत्येक विभागात चार-पाच नावं निवडली जातात, त्याला नामांकन म्हणतात. त्यातून एक नाव काढायचं काम कधी जाणकारांची समिती करते, कधी प्रेक्षकांची मतं घेतली जातात, कधी दोन्ही मिळून होतं. खर्च जाहिरातवाल्या कंपन्या करतात, म्हणून मंचाच्या मागे साबणाचं नाहीतर मसाल्याचं नाव झळकतं. बरेच सोहळे आधी भरवून त्यांचं चित्रीकरण करतात, कापून-जोडून नीट करतात आणि काही दिवसांनी टीव्हीवर दाखवतात. म्हणजे आपल्याला दिसतं ते निवडलेलं दिसतं. मंचावर कोण किती वेळ दिसणार हेसुद्धा कुणीतरी ठरवलेलं असतं.

दिसणाऱ्या गाण्याला बक्षीस

गाणं ऐकायचं असतं, पण टीव्ही आल्यावर ते बघायचंही झालं. आपल्याकडे दूरदर्शनवर छायागीत, चित्रहार लागायचं तेव्हा ज्या घरी टीव्ही त्या घरी अख्खी गल्ली जमायची. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही नावाची वाहिनी सुरू झाली. ती दिवसभर गाण्यांच्या चित्रफिती दाखवायची. चित्रफीत म्हणजे एकाच गाण्यासाठी केलेला तीन-चार मिनिटांचा छोटा सिनेमा. या वाहिनीने १९८४ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये गाण्यांच्या चित्रफितींसाठी पहिला पुरस्कार सोहळा भरवला. तो आजही चालू आहे. बक्षीस म्हणून चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीराची छोटी मूर्ती देतात.

या सोहळ्यात एक गोष्ट चांगली होती. पहिल्याच वर्षी गायकांबरोबर कॅमेरा धरणाऱ्याला, चित्रफीत कापून-जोडणाऱ्याला आणि नाच बसवणाऱ्यालाही वेगवेगळी बक्षिसं होती. नाचाचं बक्षीस त्या वर्षी मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला मिळालं. पण हीच वाहिनी सुरुवातीला काळ्या वर्णाच्या गायकांची गाणी जवळजवळ दाखवतच नाही, अशी तक्रार होती. १९८३ मध्ये मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' लोकांनी उचलून धरलं, तेव्हा तो दरवाजा उघडला. दाखवायचंच नाही ठरवलं तर बक्षीस मिळणार तरी कसं? नामांकनाच्याही आधी एक चाळणी असते, ती ही.

या सोहळ्यातले काही प्रसंग जगभर गाजले. २०१० मध्ये लेडी गागा नावाची गायिका कच्च्या मांसाचा पोशाख घालून आली होती! ऐकून तोंड वाकडं झालं ना? पण लक्षात ठेवण्यासारखा प्रसंग त्याच्या आदल्या वर्षीचा, सप्टेंबर २००९ चा. टेलर स्विफ्ट ही एकोणीस वर्षांची मुलगी आपलं बक्षीस घ्यायला मंचावर आली. ती आभार मानायला लागली तोच कान्ये वेस्ट नावाचा मोठा गायक वर चढला. त्याने तिच्या हातातला माइक घेतला आणि यापेक्षा बियॉन्सेची चित्रफीत सरस होती, असं सगळ्यांसमोर सांगितलं. पोरगी तशीच उभी राहिली. सगळं जग बघत होतं.

पुढे त्याच रात्री बियॉन्सेला वर्षातल्या सर्वोत्तम चित्रफितीचं बक्षीस मिळालं. ती मंचावर आली आणि स्वतः बोलायचं सोडून तिने टेलरला वर बोलावलं, तिचं राहिलेलं बोलणं पूर्ण करायला. दोघींना एकमेकींच्या विरोधात उभं केलं होतं. त्यातल्या एकीने दुसरीला जागा करून दिली. मैत्रिणींनो, ग्रामसभेत आपल्यातली एखादी बोलायला उठते आणि मागून कुणीतरी 'बस खाली' म्हणतं. तेव्हा शेजारच्या बाईने काय करायचं, याचं उत्तर या प्रसंगात आहे.

२०१७ पासून या सोहळ्याने पुरुषांची आणि बायकांची बक्षिसं वेगळी ठेवणं बंद केलं. म्हणजे विभाग दगडावरची रेघ नसते. माणसं ठरवतात, माणसंच बदलतात. आणि हे आपल्या मुंबईत त्याच्या कितीतरी आधी एका मराठी मुलीने दाखवून दिलं होतं.

रेकॉर्डवरची 'कामिनी'

१९४९ साली 'महल' नावाचा हिंदी सिनेमा आला. त्यातलं 'आयेगा आनेवाला' हे गाणं तुमच्या आजीनेही ऐकलं असेल. गाणं तुफान चाललं. पण त्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गाणारीचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी कोण? तर सिनेमात मधुबालाने ज्या बाईची भूमिका केली, तिचं नाव कामिनी! गाणाऱ्या खऱ्या माणसाचं नाव द्यायची तेव्हा रीतच नव्हती. पडद्यावर जिचे ओठ हलले, तिचंच गाणं.

गाणं रेडिओवर लागलं आणि श्रोत्यांनी विचारायला सुरुवात केली, हा आवाज कुणाचा? मग रेडिओवरून नाव सांगण्यात आलं, लता मंगेशकर. बघा, रेडिओ ऐकणाऱ्या साध्या माणसांनी विचारलं म्हणून नाव कळलं. आपण रेडिओवाल्यांनी आणि रेडिओ ऐकणाऱ्यांनी याचा अभिमान धरायला हरकत नाही.

लताबाईंची परिस्थिती आठवा. १९४२ साली वडील, मास्टर दीनानाथ, गेले. तेव्हा लता तेरा वर्षांचीही पुरती झाली नव्हती. पाठीवर चार भावंडं. घर चालवायला ती कामाला लागली. वडील गेल्यावर घराचा गाडा ओढणाऱ्या मुली आपल्या गावातही आहेत. त्यांना वेगळं सांगायला नको.

एक 'नाही' आणि त्याचं फळ

मुंबईत २१ मार्च १९५४ रोजी मेट्रो थिएटरात फिल्मफेअर पुरस्कारांचा पहिला सोहळा झाला. पुरस्कार होते फक्त पाच. चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतकार. संगीताचा पुरस्कार 'बैजू बावरा'साठी नौशाद यांना मिळाला. गाणं लिहिणाऱ्याला काही नाही आणि गाणाऱ्यालाही काही नाही.

पुढे 'चोरी चोरी' सिनेमाच्या संगीतासाठी शंकर-जयकिशन या जोडीला पुरस्कार जाहीर झाला. साल १९५७. सोहळ्यात लताने त्यातलं 'रसिक बलमा' गावं, असं जयकिशन यांना वाटत होतं. ते विचारायला गेले. लताबाई नाही म्हणाल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. पुरस्कार तुमच्या चालीला आहे, गायिकेला नाही आणि कवीलाही नाही. तर मग मंचावर नुसती चालच वाजवा, शब्द आणि आवाज कशाला हवेत?

यातली खोच लक्षात घ्या. लताबाईंनी भांडण केलं नाही, कुणाला वाईट बोलल्या नाहीत, मोर्चा काढला नाही. आपल्या कामाशिवाय सोहळा कसा दिसतो ते बघा, एवढंच सांगितलं. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. समोरचे संगीतकार त्यांना काम देणारे होते. नाही म्हणण्यात धोका होताच.

फळ मिळायला दोन वर्षं लागली. १९५९ च्या सोहळ्यात पार्श्वगायनाचा आणि गीतकाराचा पुरस्कार सुरू झाला. गाण्याचा पहिला पुरस्कार लता मंगेशकर यांनाच मिळाला, 'मधुमती'मधल्या 'आजा रे परदेसी'साठी. गीतकाराचा पहिला पुरस्कार शैलेंद्र यांना. एका बाईने स्वतःच्या हक्कासाठी आवाज उठवला आणि त्यात कवीचंही भलं झालं.

तरी एक अडचण राहिली. गायक आणि गायिका दोघांत मिळून पुरस्कार एकच. १९६८ च्या सोहळ्यापासून बायकांसाठी वेगळा झाला आणि तो पहिला पुरस्कार 'दस लाख' सिनेमातल्या गाण्यासाठी आशा भोसले यांना मिळाला.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. १९७० च्या सुमारास लताबाईंनी सांगितलं की आता माझा विचार करू नका, नव्या मुलींना मिळू द्या. १९७९ नंतर आशाताईंनीही तेच केलं. जागा नव्हती तेव्हा ती मागून घेतली आणि मिळाल्यावर वेळेवर सोडलीही. आपल्या गटात वर्षानुवर्षं एकच अध्यक्ष, एकच सचिव असते ना? जरा विचार करा.

नाच शिकवणारीचं नाव

नाचाचंही तसंच झालं. पडद्यावर नाचते ती सगळ्यांना ठाऊक असते. पण कुठल्या ठेक्याला हात कुठं जाईल, मान किती वळेल, नजर कुठं राहील, हे बसवणारी बाई कॅमेऱ्याच्या मागे असते. सरोज खान ही तशी बाई. मुंबईत वाढलेली. लहानपणी सिनेमात छोटी कामं केली. मग घोळक्यात मागे नाचणाऱ्या मुलींत ती उभी राहिली आणि तिथून शिकत शिकत नाच बसवणारी झाली.

१९८८ साली 'तेजाब' आला आणि त्यातल्या 'एक दो तीन'ने देशाला वेड लावलं. नाचणारी होती आपली माधुरी दीक्षित आणि नाच बसवला होता सरोज खान यांनी. १९८९ च्या सोहळ्यात फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचा विभाग नव्याने सुरू केला आणि पहिला पुरस्कार याच गाण्यासाठी सरोज खान यांना दिला. अमेरिकेतल्या सोहळ्यात हा विभाग १९८४ पासून होता. आपल्याकडे फिल्मफेअर सुरू होऊन पस्तीस वर्षं झाल्यावर आला. इतकी वर्षं नाच काय आपोआप होत होते? पुढे 'देवदास'मधल्या 'डोला रे डोला'सह तीन वेळा त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. २०२० मध्ये त्या गेल्या.

शेळ्या राखणारी राष्ट्रपतींसमोर

आता अगदी अलीकडची गोष्ट. ३० सप्टेंबर २०२२, दिल्लीचं विज्ञान भवन. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा सोहळा दूरदर्शनवर दिसत होता. त्यात आपल्या मराठीचंही कौतुक झालं. सर्वोत्तम मराठी चित्रपट ठरला 'गोष्ट एका पैठणीची'. गोदावरीच्या काठावरच्या आपल्या पैठणचं नाव तिथं दुमदुमलं. 'मी वसंतराव'साठी गायक राहुल देशपांडे यांना पुरस्कार मिळाला.

आणि गायिकेचा पुरस्कार? तो घ्यायला आल्या नंचम्मा. केरळमधल्या अट्टप्पाडी या डोंगराळ भागातल्या, इरुळा या आदिवासी समाजातल्या. शेळ्या-गुरं राखत, घरच्या माणसांकडून ऐकलेली गाणी गात मोठ्या झालेल्या. 'अय्यप्पनुम कोशियुम' या मल्याळम सिनेमात त्यांनी आपल्याच बोलीत, स्वतः रचलेलं गाणं गायलं. पुरस्कार देणाऱ्या होत्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू, त्याही ओडिशातल्या खेड्यातल्या, संथाळ आदिवासी समाजातल्या. मंचावर एका आदिवासी बाईने दुसऱ्या आदिवासी बाईच्या हातात देशाचा पुरस्कार ठेवला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

पण पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सगळेच खूश नव्हते. संगीत क्षेत्रातल्या काहींनी आक्षेप घेतला. जे वर्षानुवर्षं रियाज करतात, कुठल्याही सुरात गाऊ शकतात, त्यांचं काय? हिने तर संगीताचं रीतसर शिक्षणही घेतलेलं नाही. दुसऱ्या बाजूने कितीतरी नामवंत गायक आणि संगीतकार नंचम्मांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की त्या गाण्यात जो जीव आहे, तो वर्गात बसून येत नाही.

या वादात दोन्हीकडचं नीट ऐकून घ्या. रियाजाचे कष्ट खरेच आहेत, त्यांना कमी लेखायचं नाही. पण शिक्षण म्हणजे फक्त गुरूपुढे बसून घेतलेलं का? जंगलात, शेतात, लग्नात, मर्तिकात पन्नास वर्षं गाणं हाही रियाजच आहे. आपल्याकडे नांगरणी, पेरणी, दाई, बाळंतिणीचा शेक हे सगळं ज्ञान असंच आलं. त्याला प्रमाणपत्र नाही म्हणून ते ज्ञान नाही, असं कुणी म्हटलं तर आपल्याला पटेल का?

आपल्या ओवीचा विभाग

नंचम्मांची गोष्ट ऐकल्यावर जात्यावरच्या ओव्या आठवतात. आपल्या आजीने पहाटे दळताना किती ओव्या म्हटल्या असतील? चाल तिची, शब्द तिचे, आवाज तिचा. पण तिचं नाव कुठं नोंदलं? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉटवॅं या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून अशा ओव्या लिहून आणि ध्वनिमुद्रित करून घ्यायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या! आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्या ओव्याही त्यात आहेत. या ओव्या आता 'परी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. आणि ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. 'कामिनी' नाही, तिचं स्वतःचं नाव.

त्याला लाल गालिचा नव्हता, मूर्तीही नव्हती. पण पुरस्काराचं जे खरं काम, म्हणजे काम करणारीला तिच्या नावानिशी ओळखणं, ते झालं.

मैत्रिणींनो, येत्या आठ मार्चला किंवा हळदीकुंकवाला तुमच्या गटात छोटा सत्कार ठेवा. सत्कार नेहमी कुणाचा होतो? पाहुण्यांचा, पदाधिकाऱ्यांचा, पहिला नंबर आलेल्या मुलांचा. ते होऊ द्या, पण त्याच्या जोडीला विभाग तुम्ही स्वतः ठरवा. सगळ्यात जास्त ओव्या-गाणी येणारी. कारखान्यावरून उसतोड करून आल्यावरही गटाचा हप्ता न चुकवणारी. दुसऱ्याच्या अडीनडीला रात्री धावून जाणारी. अंगणवाडीत पोरांना गरम जेवण घालणारी. निवड बैठकीत सगळ्यांच्या मताने करा आणि निवडताना जी बैठकीत कधीच बोलत नाही तिचंही मत घ्या. खर्च नको. एक नारळ, एक फूल आणि माइकवरून पूर्ण नाव पुरे. नाव सांगताना 'अमक्याची सून' किंवा 'तमक्याची आई' म्हणू नका. तिचं नाव तिचंच असू द्या.

आणि एक करा. घरात सासूबाई, आजी, मावशी असतील तर मोबाइलवर त्यांच्या ओव्या भरून ठेवा. सुरुवातीलाच त्यांना स्वतःचं नाव आणि गाव सांगायला लावा. त्या लाजतील, 'माझं नाव कशाला' म्हणतील. तेव्हा त्यांना 'आयेगा आनेवाला'ची गोष्ट सांगा.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या गावात मागच्या वर्षी कुणाकुणाचे सत्कार झाले? त्यात बाया किती होत्या? मजुरी करणाऱ्या किती?

२. लताबाईंसारखं 'नाही' म्हणायची वेळ आपल्यावर कधी आली? आपण काय केलं?

३. एखादीचं बोलणं मध्येच तोडलं गेलं, तर गटातल्या बाकीच्या बायांनी काय करायचं? ठराव करून वहीत लिहा.

४. आपल्या गटात अध्यक्षपद किती वर्षांनी बदलतं? नव्या मुलींना जागा मिळते का?

पुढच्या वेळी टीव्हीवर असा सोहळा लागला तर जरूर बघा. नाच बघा, साड्या बघा, मजा घ्या. फक्त एक प्रश्न मनात ठेवा, आज कुणाचं नाव पुकारलं नाही? आणि आपल्या गावातलं ते नाव आपण पुकारू या.